निघताना विचारून निघायचं

कॉव्हेंट्रीत राहून फिजी पाहिलं ते शांताबाईंनी, आणि तेही कॉटवर पडल्या पडल्या. ना विमान, ना पासपोर्ट, ना इंग्रजीचा एक धड शब्द. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई. खुब्याचं हाड मोडलेलं, कान मात्र तिखट. नवरा कडूबा गेल्यावर मुलगा राजेंद्र तिला जालन्याहून घेऊन आला आणि दोनच वर्षांत ती बाथरूममध्ये घसरली. मग एजन्सीनं केअरर पाठवली. तिचं नाव लितिया. थोराड हाडाची, दाट कुरळ्या केसांची, आणि हळू बोलणारी. फिजीची. नवरा इसोआ ब्रिटिश आर्मीत होता, म्हणून ती या गावात आलेली.

पहिल्याच दिवशी लितियानं औषधाच्या खोक्यातला कागद उलटा करून त्यावर गोल गोल ठिपके काढले. एका ठिपक्यावर बोट ठेवलं आणि मग ते बोट आपल्या छातीला लावलं. शांताबाई म्हणाल्या, "अगं बाई, चहूकडं पाणी! मग प्यायचं कुठलं?" लितियाला काही कळलं नाही, पण ती हसली आणि तिथून दोघींचं जमलं.

सकाळी दार उघडलं की लितिया म्हणायची, "जयभीम, बुबू." बुबू म्हणजे आजी. शांताबाई म्हणायच्या, "बुला." भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, शेजारी लितियानं चिकटवलेला समुद्राचा फोटो, आणि खाली या दोघी. कुणी कुणाला काय शिकवलं याचा हिशेब कशाला ठेवायचा? शांताबाईंना मात्र वर्षभरात त्या देशाची सगळी रीतभात ठाऊक झाली. घरात शिरताना टोपी, चपला बाहेर. बसलेल्या माणसांपुढून जाताना वाकून 'तुलोऊ' म्हणायचं. कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही. एका मुळीची पूड पाण्यात कालवून गढूळ पेय करतात, यांगोना म्हणतात त्याला. ते नारळाच्या करवंटीतून देतात. घेण्याआधी पोकळ ओंजळीची एक टाळी, एका दमात प्यायचं, मग तीन टाळ्या. आणि निघताना विचारून निघायचं. मोठ्यांनी जा म्हटल्याशिवाय पाहुणा उठत नाही.

हे सगळं कळलं ते हातवाऱ्यांनी, आणि उरलेलं सुनेनं सांगितलं म्हणून. सून उल्का एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायची. दिवसभर लोकांचे जंतू वाढवायचे आणि ओळखायचे, असलं काम. ती सहाला आली की लितिया घरी जायची. मधल्या पाच-दहा मिनिटांत लितिया काहीबाही सांगायची आणि उल्का त्याचं मराठी करायची. पण कसं? लितियानं पाच वाक्यं सांगितली की उल्का एक सांगायची, तेही फोनकडं बघत. "आई, ती म्हणतेय त्यांच्याकडं भांडण झालं की मोठी माणसं जाऊन माफी मागतात."

"एवढंच? ती तर हात जोडून, खाली बसून दाखवत होती."

"तेच ते हो आई. ज्यानं चूक केली तो बोलत नाही. घरातलं मोठं माणूस दारात बसतं, काहीतरी देतं आणि त्याच्या वतीनं बोलतं."

"अन् समोरचा?"

"घेतो, नाहीतर नाही घेत."

उल्का वाईट बाई नव्हे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. राजेंद्रची नोकरी मँचेस्टरला, तो शनिवार-रविवार घरी. सासूचं दुखणं, लॅबच्या शिफ्टा, काउन्सिलचे फॉर्म, सगळं तिच्या एकटीच्या डोक्यावर. दमलेलं माणूस कानाआड करायला शिकतं. तशी तीही शिकली होती.

फेब्रुवारीत इसोआला हॉस्पिटलात ठेवलं. किडन्या गेल्या होत्या. एका गुरुवारी सकाळी लितियानं कोट काढता काढता उल्काला म्हटलं, "आज पाचला येशील? डॉक्टरांनी घरच्यांना बोलावलंय." उल्का म्हणाली, "म्हणजे काय, नक्की येते. पाचच्या आधी येते." ती हे अगदी मनापासून म्हणाली होती.

त्या दिवशी लॅबमध्ये एका बाईंचा निरोपसमारंभ होता. तीस वर्षं नोकरी करून बाई चालल्या होत्या. साडेचारला केक येणार होता, तो आला साडेपाचला. फोन लॉकरमध्ये. उल्काला वाटलं, केक कापला की निघू. केक कापल्यावर बाई रडल्या, मग भाषणं झाली, मग कुणीतरी हातात प्लेट दिली. ती घरी पोचली तेव्हा पावणेसात वाजले होते.

लितिया कोट घालून, पर्स मांडीवर घेऊन शांताबाईंच्या शेजारी बसली होती. ती उठली आणि म्हणाली, "बुबू जेवली. गोळ्या दिल्यात." उल्का म्हणाली, "सॉरी गं, सॉरी, कामात फार अडकले." लितियानं मान हलवली आणि ती गेली.

इसोआ सव्वासहाला गेला होता.

बातमी रात्री एजन्सीकडून आली. उल्कानं ती सासूला रात्री सांगितली नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा सांगितली. शांताबाई कॉटवरून म्हणाल्या, "मी तिला जा म्हणत होते गं. दहा वेळा दाराकडं हात केला. तिनं माझ्याकडं बोट केलं अन् मान हलवली. म्हाताऱ्या माणसाला एकटं टाकत नसतात म्हणे." आणि तोंड भिंतीकडं करून पडल्या. त्या दोन दिवस नीट जेवल्या नाहीत.

शनिवारी राजेंद्र आला. त्याचं म्हणणं, "फुलं पाठव, छानसं कार्ड लिही. इथं लोकांना घरी गेलेलं आवडत नाही." पण उल्काला राहवेना. तिला लितियाच्या तोंडून एकच गोष्ट ऐकायची होती, तुझ्यावर राग नाही म्हणून. ते ऐकल्याशिवाय तिला झोप लागणार नव्हती. ती एकटीच भेटायला गेली.

दाराबाहेर चपला-बुटांचा ढीग. आतलं सगळं फर्निचर एका बाजूला सारून जमिनीवर चटया अंथरलेल्या, आणि त्यावर वीस-पंचवीस माणसं दाटीवाटीनं बसलेली. कोपऱ्यात काळ्या कपड्यांत लितिया. मधोमध पांढऱ्या केसांचा एक म्हातारा. सगळे त्याला मोमो म्हणत होते, म्हणजे मामा. उल्का भिंतीला लागून बसली. आपल्याकडं भेटायला गेल्यावर बसतात तशी, खाली मान घालून.

थोड्या वेळानं दाराएवढा रुंद एक माणूस गुडघ्यांवर तिच्यापुढं आला आणि दोन्ही हातांनी करवंटी पुढं केली. मातकट पाणी. आत्ताच त्या करवंटीतून मोमो प्याला होता, त्याच्याआधी आणखी कुणी. उल्कानं हात हलवला, "नो, थँक यू." तो तसाच गुडघ्यांवर राहिला. लितिया कोपऱ्यातून बघत होती. उल्का पुन्हा म्हणाली, "नो, नो, प्लीज." मग तो मागं सरकला. पंधरा मिनिटं झाल्यावर उल्का उठली आणि कुणाशी न बोलता बाहेर पडली. मयताच्या घरून निघताना 'येते' म्हणत नाहीत. तिच्या आईनं लहानपणापासून बजावलेलं. तिथं पाणी प्यायचं नाही, निघताना बोलायचं नाही, घरी येऊन आंघोळ करायची. तिनं तिन्ही गोष्टी नीट केल्या, आणि तरी झोप लागली नाही ती नाहीच.

सोमवारी संध्याकाळी बेल वाजली. लितियाची मुलगी सेनी आली होती, एकोणीस वर्षांची, कॉव्हेंट्रीतच शिकलेली. घराची किल्ली परत करायला आली होती. दारातच उभी राहून म्हणाली, "मॉम आता येणार नाही."

"मी समजू शकते," उल्का म्हणाली. "ती कशी आहे?"

सेनी भडाभडा बोलली. "तुम्ही प्यायला का नाही? मॉमनंच सांगितलं होतं तुम्हाला पहिल्यांदा द्या म्हणून. म्हाताऱ्यांनंतर पहिल्यांदा. आणि तुम्ही उठून गेलात तेव्हा आम्हाला वाटलं फोन आला असेल, गाडीत गेला असाल. विचारल्याशिवाय कुणी जात नाही आमच्यात. मोमो म्हणाला, थांबा, पाहुणीला येऊ दे. एक तास कुणी जेवलं नाही. मग मी बाहेर बघून आले तर तुमची गाडीच नव्हती." तिचे डोळे भरले. "मॉम काही बोलली नाही. पण मला वाटतं तुम्हाला आमच्या भांड्याची किळस आली."

किल्ली उल्काच्या हातात ठेवून पोरगी गेली.

आतून आवाज आला, "काय म्हणाली गं?"

"किल्ली द्यायला आली होती. लितिया आता येणार नाही म्हणाली."

"पोरगी एवढं बोलली, रडली, अन् तू एवढंच सांगतेस? माझं हाड मोडलंय उल्के, कान नाही."

उल्का कॉटच्या कडेला बसली आणि तिनं सगळं सांगितलं. पहिल्यांदाच, पाचाला पाच वाक्यं. शांताबाईंनी मान तिच्याकडं वळवली.

"कामून नाही प्यालीस?"

"आई, सुतकाच्या घरचं पाणी..."

"सुतक? आपण सुतक सोडून किती वर्षं झाली? सासरे असताना एकदा तरी पाळलं का या घरात? आजच बरं आठवलं तुला!"

खरं काय ते उल्काचं उल्काला ठाऊक होतं. तिथं सगळ्यांचे ओठ एकाच करवंटीला लागलेले तिनं पाहिले होते. लॅबमधल्या काचेच्या ताटल्या डोळ्यांपुढं आल्या होत्या. सुतक नंतर आठवलं, आणि सोयीचं होतं.

शांताबाई म्हणाल्या, "माझी माय उन्हाची विहिरीपाशी बसायची. तास तास. कुणी वरचं आलं, अन् त्याच्या मनात आलं, तर वरून ओतायचं. खाली आम्ही ओंजळ धरायची. हात लागू द्यायचे नाहीत, भांडं लागू द्यायचं नाही. अर्धं पाणी कोपरावरून खाली. ते पाणी प्यालेली मी बाई आहे. अन् तुझ्यापुढं एवढा दांडगा गडी गुडघे टेकून, दोन्ही हातांनी, त्यांच्या पुढाऱ्यानं प्यालेली करवंटी धरतो. मांडीला मांडी लावून तुला बसवतात. अन् तू म्हणतेस नको." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं, असं उल्काला वाटलं.

"चुकलं, आई."

"ते चुकलंच. पण ते दुसरं. आधीचं सांग. त्या दिवशी उशीर कशानं झाला?"

"सांगितलं ना, कामात..."

"मग केक कुठला होता?"

उल्काची नजर टेबलाकडं गेली.

"नॅपकिनात गुंडाळून आणला होतास की. आल्या आल्या टेबलावर ठेवलास अन् म्हणालीस, आई, तुमच्यासाठी. लितिया तिथंच उभी होती पर्सची चेन लावत. मी खाल्ला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं माणूस गेला म्हणून. तू रात्रभर कोंडून ठेवलंस. गोड लागला गं मला तो केक!" एवढं म्हणून म्हातारी रडायला लागली, तोंडात पदर कोंबून, आवाज न करता.

उल्काला तो नॅपकिन आठवला. निळा, कोपऱ्यात फुगे छापलेला. खरंच की, तिनं तो लितियाच्या समोर ठेवला होता. लितियानं पाहिला की नाही? पाहिला असेल तर तेव्हाच कळलं असेल, आणि तरीही ती म्हणाली होती, बुबू जेवली, गोळ्या दिल्यात.

पुढच्या रविवारी शांताबाईंनी हट्टच धरला. कॉटवरची गोधडी घडी करून मांडीवर घेतली. कडूबांची दोन धोतरं आणि त्यांच्या स्वतःच्या चार लुगड्यांची गोधडी. लितिया रोज सकाळी तिची घडी करायची आणि टाक्यांवरून बोट फिरवायची. राजेंद्र म्हणाला, "आई, जुनी गोधडी कोण देतं? नवं ब्लँकेट घेऊ." शांताबाई म्हणाल्या, "माफीला देतात ती यांगोनाची मुळी मिळते का इथल्या दुकानात? नाही ना? मग हेच. रिकाम्या हातानं माफी मागत नाहीत तिकडं. तू गाडी चालव अन् गप बस."

त्या घरी चटया अजून अंथरलेल्याच होत्या. माणसं कमी होती, दहा-बाराच. मोमो होता, लितिया होती, सेनीही होती. राजेंद्रनं व्हीलचेअर उंबऱ्यापाशी आणली. शांताबाईंनी खूण केली, मला खाली बसवा. "आई, हाड!" उल्का म्हणाली. "हाड माझं आहे," शांताबाई म्हणाल्या. दोघांनी धरून त्यांना दारातच चटईच्या कडेला बसवलं. बसताना त्यांनी ओठ घट्ट मिटले होते, इतकं दुखत होतं. लितिया पुढं झाली, पण मोमोनं हात वर केला आणि ती थांबली. खोलीतली सगळी माणसं सरळ होऊन बसली. काय चाललंय ते त्यांना कळलं होतं.

उल्का सासूच्या मागं मान खाली घालून बसली. शांताबाईंनी दोन्ही हातांनी गोधडी पुढं धरली आणि त्या मराठीत बोलायला लागल्या. खोलीत मराठी कळणारी माणसं तीनच. सगळे उल्काकडं बघायला लागले, आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं की सासू बोलणार ते इंग्रजीत सांगायचं तिलाच आहे.

"मी शांताबाई. कडूबांची बायको. हा माझा मुलगा, ही माझी सून."

उल्कानं सांगितलं.

"लितियानं मला दोन वर्षं पोटच्या पोरीसारखं सांभाळलं. तिच्या नवऱ्याचा जीव जात होता तेव्हा ती माझ्या उशाशी बसली होती. तिथं बसायचं माझ्या सुनेनं."

उल्कानं तेही सांगितलं.

"सुनेनं सांगितलं, कामात अडकले. ते खोटं. ती केक खात होती."

उल्का थांबली.

मोमो वाट बघत होता. तिला एवढंच म्हणता आलं असतं की उशीर झाला, आम्हाला वाईट वाटतं. कुणाला काय कळणार होतं? राजेंद्र बोलला नसता. आयुष्यभर तिनं पाचातली चार वाक्यं अशीच तर गाळली होती. सासूनं मागं वळून पाहिलं नाही. गोधडी धरलेले ते काटकुळे हात खाली येत नव्हते.

उल्का म्हणाली, "ती म्हणते, माझ्या सुनेनं खोटं सांगितलं. ती कामात नव्हती." मग तिनं श्वास घेतला. "मी केक खात होते, लितिया. पार्टी होती. मी वेळेवर निघू शकत होते. तू सांगितलेलं माझ्या लक्षात होतं, आणि तरी मी थांबले. त्याचं काहीही कारण नव्हतं."

सेनीनं तोंडावर हात घेतला. मोमोनं डोळे मिटले.

लितिया म्हणाली, "मला माहीत आहे. निळा नॅपकिन."

"मग मला पहिली करवंटी का द्यायला लावलीस?"

"तू प्यायली असतीस तर मला तुझा राग सोडावा लागला असता," लितिया म्हणाली. "मला तो सोडायचा होता. माझ्या एकटीच्यानं सुटत नव्हता."

उल्का रडली. आडोसा न धरता, त्या सगळ्या माणसांपुढं. शांताबाईंनी विचारलं, "काय म्हणाली?" आणि उल्कानं हुंदके देत एकेक शब्द सांगितला, एकही न गाळता.

मोमो उठला. वाकून, 'तुलोऊ' म्हणत शांताबाईंपुढं आला, गोधडी दोन्ही हातांनी घेतली आणि आपल्या भाषेत सावकाश काहीतरी बोलला. सगळ्यांनी पोकळ हातांच्या टाळ्या वाजवल्या, खोल, एका लयीत. मग त्यानं गोधडी लितियाच्या मांडीवर ठेवली. लितियानं टाक्यांवरून बोट फिरवलं.

करवंटी आली. आधी शांताबाईंना. त्यांनी एक टाळी वाजवली, डोळे मिटून एका दमात रिकामी केली, आणि तोंड वेडंवाकडं करून म्हणाल्या, "ई बाई, माती गं नुसती!" तेवढ्यात कुणीतरी हसलं. मग तीच करवंटी भरून उल्कापुढं आली. तिनं टाळी वाजवली आणि ती प्याली. जीभ बधिर झाली, ओठ बधिर झाले. तिनं तीन टाळ्या वाजवल्या. लितिया तिच्याकडं बघत होती. ती हसली नाही, पण नजरही काढली नाही.

लितिया पुन्हा कामाला येणार नव्हती. तिनं ते सरळच सांगितलं; त्या खोलीत, त्या खुर्चीत तिला बसवणार नाही. शांताबाई म्हणाल्या, "नको येऊस. मी येईन." मरणानंतर शंभराव्या रात्री आमच्यात दुःख संपवतात, सेनी म्हणाली, तेव्हा सगळे जमतात.

अंधार पडायच्या आत निघायचं होतं. राजेंद्र आणि उल्कानं शांताबाईंना उचलून खुर्चीत बसवलं. राजेंद्र सवयीनं, न बोलता, खुर्ची दाराकडं वळवायला लागला.

"थांब रे," शांताबाई म्हणाल्या. त्यांनी हात जोडले आणि त्या घरात, जिथं माणूस गेला होता तिथं, मोठ्यानं म्हणाल्या, "लितिया, येतो हं आम्ही. निघू का?"

लितियाला शब्द कळले नाहीत. तिनं उल्काकडं पाहिलं.

उल्काच्या जिभेवर अजून त्या मुळीची चव होती. मयताच्या घरी कधीच म्हणायचं नाही म्हणून आईनं शिकवलेला तो शब्द तिनं आधी मराठीतच म्हटला, "येते." मग इंग्रजीत सांगितलं, "ती विचारतेय, आम्ही निघू का? आणि मी म्हणाले, मी परत येईन."

लितियानं गोधडी छातीशी धरली आणि म्हणाली, "जा. पाचला ये."